तीस पौंडांचा मासा, वीस पौंडांचा दोर : कॅम्पबेल नदीच्या खाडीतील सॅल्मनची गोष्ट

१/ मुंबईतल्या एखाद्या हॉटेलच्या खाद्यपत्रिकेत 'इंडियन सॅल्मन' असे छापलेले दिसले, तर तो आपला रावस असतो, हे मासेखाऊ मंडळींना ठाऊक आहे. रावस वेगळ्याच कुळातला. सॅल्मनशी त्याचे नाते फक्त इंग्रजांनी दिलेल्या नावापुरते. आजचा धागा खऱ्या सॅल्मनचा आहे, पण ताटातल्या नव्हे. पोटासाठी नाही, बाजारासाठीही नाही, केवळ हौसेखातर गळाने सॅल्मन धरण्याचा छंद एका खाडीत कसा रुजला, त्याचे नियम कोणी घातले, आणि तो रुजत असताना त्याच पाण्यातून कोणाला बाजूला सारले गेले, याची ही हकिकत.

२/ कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकूव्हर नावाचे मोठे बेट आहे. (त्याच नावाचे शहर या बेटावर नसून समोरच्या मुख्य भूमीवर आहे. नकाशा उघडणाऱ्याची पहिली फसगत येथेच होते.) या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल नदी 'डिस्कव्हरी पॅसेज' या अरुंद सामुद्रधुनीला मिळते. पलीकडच्या तीरावर क्वाड्रा बेट. या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचे पाणी अक्षरशः नदीसारखे धावते. थोड्या उत्तरेला सीमोर नॅरोज या चिंचोळ्या भागात तर प्रवाहाचा वेग ताशी १५ सागरी मैलांपर्यंत जातो. तिथल्या पाण्याखालच्या 'रिपल रॉक' या सुळक्याने इतकी जहाजे फोडली की अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंगाने उडवावा लागला. अशा खवळत्या पाण्याच्या कडेला कॅम्पबेल नदीचे मुख आहे. वाळू-गोट्यांची एक लांबट जीभ त्याला आडोसा देते आणि तिच्या बाहेर, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या संगमावर, उन्हाळ्याच्या अखेरीस मोठाले सॅल्मन येऊन थांबतात.

३/ ते का थांबतात, हे समजल्याशिवाय पुढचे काही उलगडणार नाही. सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीकडे परततो. प्रशांत महासागरातल्या सॅल्मनच्या मुख्य जाती आयुष्यात एकदाच अंडी घालतात आणि मरतात. या सर्वांत थोर 'चिनूक'. कॅम्पबेल नदीत त्याला फार वर जाताच येत नाही, कारण मुखापासून काही किलोमीटरवरच एल्क फॉल्स हा धबधबा आहे. म्हणजे या नदीच्या चिनूकला अंडी घालायला निसर्गतःच एक आखूड पट्टा मिळाला आहे. त्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी मासे खाडीमुखाशी भरतीची वाट पाहत घुटमळतात. या वेळी त्यांची भूक ओसरलेली असते. मग ते गळाला का लागतात? चिडून, सवयीने की जागेच्या हक्कापायी, यावर गळवाल्यांमध्ये शंभर वर्षे वाद चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही.

४/ तीस पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो किंवा त्याहून जड चिनूकला या किनाऱ्यावर 'टायी' म्हणतात. हा शब्द इंग्रजी नव्हे. व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नू-चा-नुल्थ लोकांच्या भाषेत त्याचा मूळ अर्थ 'थोरला भाऊ'. तेथून तो चिनूक जार्गन या व्यापारी बोलीत गेला आणि 'मुखिया' या अर्थाने साऱ्या किनाऱ्यावर पसरला. आपल्याकडे 'दादा' या शब्दाचा घरापासून गल्लीपर्यंतचा प्रवास आठवला, तर हे अर्थांतर समजावून सांगण्याची गरज नाही. हा शब्द लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

५/ आता थोडे मागे जाऊ. कॅम्पबेल नदीच्या दक्षिणेला, सुमारे ४५ किलोमीटरवर, कोमॉक्सची खाडी आहे. ओहोटीला तेथील चिखलात लाकडी खुंटांची टोके दिसतात. एकदोन नव्हेत, अंदाजे दीड ते दोन लाख. हे मासे पकडण्याच्या सापळ्यांचे अवशेष आहेत आणि त्यांतले सर्वांत जुने सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचे आहेत. भरतीबरोबर मासे आत येत, ओहोटीला खुंट आणि चटयांच्या कुडांमागे अडकत. कोकणात डोळीला खुंट रोवणाऱ्या कोळ्याला ही रचना पाहताक्षणी कळेल. आपल्याकडे चालुक्यांचे राज्य होते त्या काळापासून तिथे ही व्यवस्था उभी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे 'सॅल्मन मासेमारीचा इतिहास युरोपीय लोकांपासून सुरू झाला' असली विधाने किती पोकळ आहेत, ते दिसते.

६/ कॅम्पबेल नदीच्या मुखाशी आज वेई वाई कुम आणि समोरच्या क्वाड्रा बेटावर वी वाई काई हे समाज राहतात. दोघेही लेक्विल्टॉख या मोठ्या समूहाचे. १७९२ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर येथून गेला, तेव्हा केप मज येथे त्याला जे गाव भेटले ते मात्र कोस्ट सॅलिश लोकांचे होते. लेक्विल्टॉख एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडून येथे सरकले. मूळ रहिवाशांचा इतिहासही स्थिर नव्हता. त्यांच्यातही लढाया आणि स्थलांतरे झाली. एक गोष्ट मात्र कायम राहिली : येथे जो कोणी वसला, तो या माशावर जगला.

७/ १८७१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया कॅनडात सामील झाला. त्याच सुमारास फ्रेझर नदीवर सॅल्मन डबाबंद करण्याचे कारखाने उभे राहू लागले आणि पुढच्या दोन दशकांत ते किनारभर पसरले. कारखान्याला मासा हवा, तोही सर्वांच्या आधी. वरच्या अंगाला नदीभर कूड घालून मासे धरणारी गावे कारखानदारांच्या डोळ्यांत खुपू लागली. १८८८ च्या नियमांनी ठरवले की मूळ रहिवाशांनी परवानगीने मासे धरावेत, ते स्वतःच्या पोटापुरते; विकू मात्र नयेत. १९०६ मध्ये उत्तरेच्या बाबीन नदीवरील लोकांना त्यांचे कूड काढून टाकून जाळी स्वीकारावी लागली.

८/ हा नियम वरवर पाहता सौम्य वाटतो. पोटापुरते घ्या म्हटले आहे, आणखी काय हवे? पण त्यापूर्वी ही माणसे सॅल्मनचा व्यापार करीत होती. वाळवलेला, धुरावलेला मासा डोंगरापलीकडे जात होता. कायद्याने एका झटक्यात व्यापार एकाकडे दिला आणि भूक दुसऱ्याकडे ठेवली. त्यानंतर काही वर्षांतच एक तिसरा मासेमार आला. त्याला ना विकायचे होते, ना पोट भरायचे होते.

९/ सर रिचर्ड मसग्रेव्ह हे आयरिश सरदार. त्यांची पत्नी जेसी ही व्हँकूव्हर बेटावरील कोळसासम्राट रॉबर्ट डन्सम्यूर यांची कन्या. त्यामुळे सासरवाडीच्या निमित्ताने या बेटाशी त्यांचा संबंध. कॅम्पबेल नदीच्या मुखाशी गळ टाकून त्यांनी सत्तर पौंडांच्या घरातला चिनूक धरला आणि १८९६ मध्ये लंडनच्या 'द फील्ड' या साप्ताहिकात त्याचे वर्णन लिहिले. शिकार, घोडे आणि मासेमारी यांना वाहिलेले हे पत्र साऱ्या साम्राज्यात वाचले जाई. स्कॉटलंडच्या नदीवर वीस-पंचवीस पौंडांचा सॅल्मन म्हणजे आठवडाभर सांगण्याची गोष्ट. इथे सत्तर पौंड!

१०/ हा वाचकवर्ग आपल्याला अपरिचित नाही. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्येच 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहून महसीर माशाला साहेबांच्या छंदात मानाचे स्थान मिळवून दिले होते. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण नदी हे आधी 'क्रीडाक्षेत्र' आहे असे पाहणारी नजर महसीरकडून सॅल्मनकडे सहज वळू शकत होती, कारण ती एकाच वर्गाची नजर होती.

११/ १९०४ मध्ये थुलिन बंधूंनी कॅम्पबेल रिव्हर येथे 'विलोज हॉटेल' उघडले. तेव्हा तेथे गाव असे फारसे नव्हतेच. लाकूडतोडे, जंगल आणि धक्का. एकाच छपराखाली शनिवारी पगार उडवायला आलेले लाकूडतोडे आणि जहाजातून उतरलेले इंग्रज हौशी राहत. सर जॉन रॉजर्स यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्पोर्ट इन व्हँकूव्हर अँड न्यूफाउंडलंड' या प्रवासवर्णनात हे दिवस आले आहेत. त्या काळच्या वर्णनांत एक माणूस वारंवार येतो आणि बहुधा नावाशिवाय येतो : स्थानिक वल्हेकरी. कोरीव लाकडी होडी त्याची, भरतीचे ज्ञान त्याचे, मासा कोठे थांबतो ते ठाऊक त्याला. छायाचित्रात मात्र माशाशेजारी साहेब उभा.

१२/ हौशी वाढले तशी एक अडचण उभी राहिली. जाड दोर, भक्कम काठी आणि तिपेडी गळ घेऊन मोठा मासा ओढणे ही हमाली झाली. त्यात कौतुक कसले? याचे उत्तर कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर आधीच सापडले होते. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८९८ मध्ये तेथे 'ट्यूना क्लब' स्थापला. साधने जितकी हलकी, तितकी प्रतिष्ठा जास्त, हे त्याचे तत्त्व. तेच तत्त्व घेऊन १९२४ मध्ये 'टायी क्लब ऑफ ब्रिटिश कोलंबिया' जन्माला आला.

१३/ या क्लबचे नियम म्हणजे छंदाच्या इतिहासातला एक नमुनेदार दस्तऐवज आहे. सदस्यत्व पैशाने मिळत नाही. ठरलेल्या पाण्यात, ठरलेल्या हंगामात, नियमांनुसार किमान तीस पौंडांचा चिनूक धरला तरच मिळते. हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर. होडी वल्ह्यांनीच चालवायची, मोटर बंद. आमिष कृत्रिम, जिवंत वा मेलेला मासा लावायचा नाही. गळ एकच आणि त्याला काटा नको, म्हणजे दोर जरा सैल पडला की मासा निसटलाच. आणि सर्वांत कठीण अट दोराची : वीस पौंडांहून अधिक ताण सोसणारा दोर चालत नाही. तीस पौंडांचा मासा वीस पौंडांच्या दोराने आणायचा! ताकदीने ओढला की तंगूस तुटला. त्यामुळे माशाला थकेपर्यंत पळू देणे आणि होडीने त्याच्या मागे जाणे, एवढाच मार्ग उरतो.

१४/ म्हणूनच येथे खरा कसब वल्हेकऱ्याचा. पहाटे उजाडण्याआधी किंवा संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास, भरतीचे पाणी वळते त्या वेळी, होड्या खाडीमुखाशी जमतात. वल्हेकरी प्रवाहाच्या तोंडाला होडी अशा बेताने धरतो की ती जागची फारशी हलत नाही, पण पाण्याच्या ओढीने मागचे आमिष मात्र लचकत राहते. हे आमिष बहुधा चमच्याच्या आकाराची धातूची पट्टी किंवा रंगवलेला लाकडी मासा. काठीचे टोक विशिष्ट लयीत थरथरत असते. लय बिघडली की आमिषात शेवाळ अडकले असे समजायचे. मासा लागला की बाकीच्या होड्या वाट मोकळी करून देतात. वल्हेकरी होडी खोल पाण्याकडे काढतो. अर्धा तास, कधी त्याहून जास्त, दोन माणसांचे आणि एका माशाचे हे भांडण चालते. क्लबच्या परंपरेत वल्हेकऱ्यालाही मान आहे, हे नमूद केले पाहिजे. ट्रॉफीवरच्या माणसाला वल्हवून कोणी नेले, ते येथे विचारले जाते.

१५/ वजनाप्रमाणे बिल्ले. ३० ते ४० पौंडांना कांस्य, ५० पर्यंत रौप्य, ६० पर्यंत सुवर्ण, ७० पर्यंत हिरा, त्यावर माणिक. हंगामातला सर्वांत मोठा मासा धरणारा त्या वर्षीचा 'टायी मॅन'. क्लबच्या नोंदीतला विक्रमी मासा ७१ पौंडांचा, म्हणजे ३२ किलोंचा, आणि तो १९६८ चा आहे. जगात काठीने धरलेला सर्वांत मोठा चिनूक याहून बराच मोठा, ९७ पौंड ४ औंसांचा, १९८५ मध्ये अलास्काच्या केनाय नदीत मिळाला. पण त्यावर टायी क्लबवाले शांतपणे विचारतील, दोर कितीचा होता?

१६/ येथे जरा विषयांतर, पण टाळता न येणारे. क्लब स्थापन होण्याच्या दोनच वर्षे आधी, १९२२ मध्ये, सामुद्रधुनीच्या पलीकडच्या केप मज गावातील लोकांनी आपले पिढीजात मुखवटे, ताम्रपट आणि नृत्याची आभूषणे सरकारच्या हवाली केली होती. 'पॉटलॅच' हा दानसोहळा कॅनडाने १८८५ पासून बेकायदा ठरवला होता आणि १९२१ च्या नाताळात व्हिलेज आयलंड येथे झालेल्या सोहळ्यातील सहभागाबद्दल तुरुंग टाळायचा, तर हीच किंमत होती. बंदी १९५१ मध्ये उठली. वस्तू परत मिळाल्या तेव्हा त्या ठेवण्यासाठी केप मज येथे १९७९ मध्ये संग्रहालय उघडले गेले. एका तीरावर मानाची चिन्हे जप्त होत होती आणि दुसऱ्या तीरावर 'मुखिया' हा मूळ रहिवाशांचाच शब्द घेऊन मानाचे नवे बिल्ले घडवले जात होते. कोणी मुद्दाम जुळवून आणलेला हा योग नव्हता. म्हणूनच तो अधिक बोलका आहे.

१७/ दोन महायुद्धांच्या मधल्या काळात होड्या बांधणारे नेड पेंटर खाडीमुखाशी आले. फळीवर फळी चढवून बांधलेल्या त्यांच्या हलक्या होड्या या पाण्याला अचूक उतरल्या. त्या होड्यांभोवती पाहुण्यांसाठी निवासस्थान उभे राहिले आणि 'पेंटर्स लॉज' हे नाव हॉलिवूडपर्यंत पोहोचले. जॉन वेन, बॉब होप, बिंग क्रॉसबी अशी मंडळी येथे मासे धरून गेली. जुनी वास्तू १९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला जळाली. तिच्या जागी नवी उभी राहिली. गावाने स्वतःला 'जगाची सॅल्मन राजधानी' म्हणवून घेतले. अशा बिरुदांवर विश्वास ठेवू नये, पण त्या काळी ते फार खोटेही नव्हते.

१८/ याच गावात नदीकाठी एक विलक्षण माणूस राहत होता : रॉडरिक हेग-ब्राऊन. इंग्लंडमधून आलेला, लाकूडतोड केलेला, पुढे स्थानिक दंडाधिकारी झालेला आणि मासेमारीवर लिहिणाऱ्या विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम इंग्रजी लेखकांपैकी एक. १९४१ मध्ये आलेल्या 'रिटर्न टू द रिव्हर'चा नायक एक चिनूक मासा आहे. हेग-ब्राऊन यांच्या लेखनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेलेली दिसते : गळ टाकणाऱ्याने माशाची नव्हे, नदीची काळजी वाहिली पाहिजे. ते हाडाचे गळवाले होते. शिकार सोडून संत झालेल्यांपैकी नव्हते. म्हणून त्यांचे बोलणे त्या जमातीला टाळता येत नव्हते.

१९/ आणि नदीवर संकट आले ते गळाचे नव्हतेच. १९४७ मध्ये एल्क फॉल्सच्या माथ्याशी जॉन हार्ट धरण आणि वीजकेंद्र सुरू झाले. धबधब्यामुळे मासे तसेही वर जात नव्हते, मग धरणाने काय बिघडणार, असा युक्तिवाद तेव्हा सहज पटण्याजोगा होता. पण सॅल्मनची मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते. तिला मुठीएवढ्या गोट्यांची, वाहत्या पाण्याने धुतलेली खडी लागते. ही खडी दर पुरात वरून वाहून येते. धरणाने पाणी सोडले, खडी अडवली. खाली असलेली खडी दर मोठ्या पाण्याबरोबर समुद्राकडे गेली आणि तिच्या जागी नवी आलीच नाही. वर्षानुवर्षे नदी वाहत होती, स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यातले बाळंतघर झिजत होते. १९५० च्या दशकात आणखी वर, बटल सरोवराची पातळी वाढवणाऱ्या धरणाला हेग-ब्राऊन यांनी सर्व शक्तीने विरोध केला. पुढे स्ट्रॅथकोना धरण झाले आणि सरोवराची पातळी वाढलीच.

२०/ खाडीचे हालही निराळे नव्हते. १९५२ मध्ये जवळच कागदाचा लगदा करणारी गिरणी सुरू झाली. ओंडक्यांचे तराफे खाडीत साठवले जात. ओहोटीला ते चिखलावर टेकत आणि खालचे लव्हाळे चिरडत. आता चिनूकची पिल्ले पाहा : नदीतून खाली आल्यावर ती थेट समुद्रात जात नाहीत, खाऱ्या पाण्याची सवय होईपर्यंत काही आठवडे याच लव्हाळ्यांत राहतात, किडे खातात, अंगाने भरतात. लव्हाळे नाही म्हणजे शाळा न शिकता थेट समुद्रात. तीस पौंडांचा मासा पुढे कधीतरी दिसायचा असेल, तर बोटभर लांबीचे पिल्लू आधी या चिखलात तगले पाहिजे. नोंदवहीतल्या घसरत्या आकड्यांमागचे एक मोठे कारण येथे आहे.

२१/ उपाय म्हणून कॅम्पबेलची उपनदी क्विन्सम हिच्यावर १९७४ मध्ये मत्स्यबीज केंद्र सुरू झाले. पिल्ले सोडली जाऊ लागली, मासे आले. पण केंद्र म्हणजे नदी नव्हे. एकाच वयाची, एकाच वेळी सोडलेली पिल्ले आणि दगडाखाली वाढलेली पिल्ले यांत फरक असतो. आणि आकडा सावरला की नदी सावरली असे समजण्याचा मोह सरकारी यंत्रणांना होतो. मला तरी वाटते, या केंद्राइतकेच महत्त्वाचे काम नंतर झालेले खडी-टाकणीचे आहे : धरणाने अडवलेली खडी माणसांनी पुन्हा नदीत आणून टाकली. १९८० च्या दशकाच्या आरंभी खाडीत लव्हाळ्याची कृत्रिम बेटे लावण्याचा प्रयोग झाला. गिरणी २०१० मध्ये कायमची बंद झाली. जॉन हार्टचे जुने वीजकेंद्र जाऊन नवे जमिनीखालचे केंद्र आले, तेव्हा यंत्रे बंद पडली तरी खालच्या माशांना पाणी मिळत राहावे अशी सोय त्यात केली गेली.

२२/ तरीही किनाऱ्यावरचे जुने दिवस परतले नाहीत. १९९० च्या दशकात कोहो जातीचे सॅल्मन इतके घटले की १९९८ मध्ये मत्स्यमंत्री डेव्हिड अँडरसन यांना त्यांच्या मासेमारीवर कठोर निर्बंध घालावे लागले. चिनूकचे अनेक समूह रोडावले. त्यांच्यावरच जगणारे दक्षिणेकडचे किलर व्हेल आता शंभराच्याही खाली आहेत. कॅम्पबेलच्या खाडीत टायीची नोंद पूर्वीच्या मानाने थोडीच होते, आणि अनेक जण मासा होडीशेजारी पाण्यातच धरून त्याची लांबी आणि घेर मोजतात, त्यावरून वजन काढतात आणि त्याला सोडून देतात. १९२४ चे नियम माशाला सुटण्याची संधी देत होते. आता धरलेल्यालाही नदीत पाठवले जाते.

२३/ मात्र मुख्य प्रश्न न्यायालयात गेला. फ्रेझर नदीच्या मुखावरील मस्क्वीम समाजाचे रोनाल्ड स्पॅरो यांना १९८४ मध्ये परवान्यापेक्षा लांब जाळे वापरल्याबद्दल पकडण्यात आले : परवानगी २५ फॅदमची, जाळे ४५ फॅदमचे. त्यांनी दंड भरला नाही, हक्क विचारला. ३१ मे १९९० रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रम ठरवून दिला : आधी माशांचे संवर्धन, त्यानंतर मूळ रहिवाशांची अन्नासाठी आणि विधींसाठी होणारी मासेमारी, व्यापारी आणि हौशी त्यानंतर. १८८८ मध्ये मेहरबानी म्हणून दिलेली 'पोटापुरती' मासेमारी शंभर वर्षांनी हक्क झाली.

२४/ पण विक्रीचे काय? आणि हौशींचे? १९९९ च्या सॅल्मन वाटप धोरणाने या प्रश्नाचे एक चमत्कारिक उत्तर दिले. संवर्धन आणि मूळ रहिवाशांचे अन्न भागल्यावर चिनूक आणि कोहो या दोन जातींवर पहिला अग्रक्रम हौशी गळवाल्यांचा, विकणाऱ्यांचा त्यांच्यानंतर. कारण व्यवहारी होते : हौशी पाहुणा हॉटेल, होडी, पेट्रोल, परवाना यांवर खर्च करतो, एका माशामागे गावाला त्यातून अधिक मिळते. ते खोटे नाही. पण उपजीविकेसाठी विकणारा मागे आणि छंदासाठी धरणारा पुढे, असा क्रम सरकारी कागदावर उतरलेला इतिहासात क्वचितच सापडतो.

२५/ या क्रमाला ज्यांनी आव्हान दिले ते लोक बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे : अहाउसाट आणि अन्य चार नू-चा-नुल्थ समाज. होय, ज्यांच्या भाषेतून 'टायी' आला, तेच. २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने त्यांचा मासे धरून विकण्याचा हक्क मान्य केला. २०१८ मध्ये पुढच्या टप्प्यावर न्यायाधीशांनी म्हटले, की चिनूक आणि कोहोच्या बाबतीत या समाजांच्या हक्कापुढे हौशी मासेमारीला दिलेला अग्रक्रम समर्थनीय नाही. हा निकाल पश्चिम किनाऱ्यावरील त्या पाच समाजांपुरता आहे. कॅम्पबेलच्या खाडीला तो थेट लागू नाही. तरी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गळवाल्याने तो वाचला असेल, यात शंका नाही.

२६/ डिस्कव्हरी आयलंड्समधील बंदिस्त जाळ्यांतल्या सॅल्मन शेतीचे परवाने नूतनीकरण करण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये नकार दिला. साऱ्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर अशी उघड्या जाळ्यांची शेती ३० जून २०२९ नंतर चालणार नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. याबाबत स्थानिक समाजांतही दुमत आहे, कारण काहींना त्या शेतीतून रोजगार मिळत होता. कॅम्पबेलच्या खाडीत सध्याचा शत्रू मात्र वेगळाच आहे : स्थलांतर विसरून कायम तेथेच राहिलेली कॅनडा हंसांची झुंड. ती नव्याने उगवलेले लव्हाळे मुळासकट खाऊन टाकते. म्हणून खाडीच्या चिखलात आता पुन्हा खुंट रोवलेले दिसतात, त्यांना दोऱ्या आणि जाळी बांधलेली. आतल्या लव्हाळ्याला हंसांपासून राखण्यासाठी. ओहोटीला ते उघडे पडतात. पलीकडे, वाळूच्या जिभेबाहेर, जुलैच्या मध्यापासून वल्ह्यांच्या होड्या पाणी वळण्याची वाट पाहत उभ्या असतात.